कोणता नंबर लिहायचा?

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजाशी जरा वेळ उभं राहिलं, तर चौकटीवर आणि भिंतीवर निदान चार-पाच आकडे दिसतात. महापालिकेची पत्र्याची पाटी, तिच्यावर घर क्रमांक. तिच्याखाली कुणीतरी तेलरंगाने लिहिलेला ‘सि. स. नं.’, म्हणजे मालमत्तापत्रकावर असतो तो सिटी सर्व्हेचा. आत शिरलं की बोळात विजेच्या मीटरांची रांग, प्रत्येक मीटरला त्याचा क्रमांक. दाराच्या फळीवर जनगणनेच्या वेळी घातलेला, आता पुसट झालेला आकडा. आणि खडूने काढलेला इंग्रजी ‘पी’, शेजारी बाण आणि तारीख. पल्स पोलिओच्या ताई या घरातल्या सगळ्या पोरांना डोस पाजून बाणाच्या दिशेने पुढे गेल्या, असा त्याचा अर्थ. एखादं पोर राहिलं असेल तर तिथे ‘पी’ऐवजी फुली असते.

हातातला मोबाइल मात्र एकच प्रश्न विचारत असतो: या इमारतीचा घर क्रमांक काय?

अ‍ॅपचं नाव स्ट्रीटकम्प्लीट. ते उघडलं की आपण उभे असतो त्या जागेचा नकाशा दिसतो आणि त्यावर ठिकठिकाणी टाचण्या टोचलेल्या असतात. प्रत्येक टाचणी म्हणजे नकाशात राहून गेलेली एक माहिती. हा रस्ता डांबरी की सिमेंटचा? हे दुकान किती वाजता उघडतं? या घराचा नंबर काय? समोर बघायचं, उत्तर भरायचं, पुढे जायचं. भरलेलं उत्तर ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात जातं आणि जगात कुणालाही ते फुकट वापरता येतं. मी हे अ‍ॅप घेऊन पेठांतून हिंडायला लागले त्याचं कारण घरगुती आहे. रात्री-अपरात्री रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन केल्यावर पेठेतला पत्ता सांगताना काय हाल होतात, ते मी ऐकलेलं आहे. ‘चिमण्या गणपतीपासून आत या, डावीकडे पिठाची गिरणी लागेल, गिरणीच्या अलीकडचा बोळ’ हे पुण्यात वाढलेल्या माणसाला पुरतं. गाडीचा चालक परजिल्ह्यातून आलेला असतो. त्याच्या हातात नकाशा असतो आणि त्या नकाशात गिरणी नसते, बोळ नसतो आणि घराचा नंबर तर नसतोच.

ओपनस्ट्रीटमॅपची सुरुवात २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी केली. तिथल्या ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याची माहिती वापरायची तर पैसे मोजावे लागत आणि अटी पाळाव्या लागत. त्यावर कोस्ट यांचा तोडगा असा की लोकांनी जीपीएस घेऊन स्वतः फिरावं आणि आपला नकाशा आपण काढावा. आज त्याचे नोंदणीकृत सदस्य एक कोटीच्या वर आहेत. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी घरी बसून, उपग्रहचित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते काही दिवसांत काढून दिले आणि मदतपथकं तेच नकाशे घेऊन ढिगाऱ्यांतून फिरली. तेव्हापासून या नकाशाकडे बघण्याची जगाची नजर बदलली.

पण रस्ते आकाशातून दिसतात, छपरं दिसतात, नदी दिसते. दारावरचा नंबर दिसत नाही. त्याच्यासाठी दाराशीच जावं लागतं. खुल्या नकाशात पत्ते नेहमी मागे पडतात ते यामुळेच. दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या नकाशातून नंबर उतरवून घ्यायचा नाही, असा इथला कडक दंडक आहे. आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच लिहायचं.

त्यासाठीची साधनं हळूहळू सुधारत गेली. सुरुवातीला वही-पेन्सिल होती. मग २००९ मध्ये मिखाल मिगर्स्की यांनी ‘वॉकिंग पेपर्स’ काढले. आपल्या भागाचा नकाशा कागदावर छापायचा, त्यावर पेनाने नंबर लिहीत फिरायचं आणि घरी येऊन तो कागद स्कॅन करायचा. छापलेल्या खुणेवरून तो कागद नकाशात आपोआप आपल्या जागी बसायचा. त्यानंतर अँड्रॉइडवर ‘कीपॅड मॅपर’ आलं. पडद्यावर आकड्यांची मोठी बटणं आणि डावीकडचं घर की उजवीकडचं, हे सांगणारे बाण. चालता चालता आकडा दाबायचा, बाजू दाबायची. २०१७ मध्ये हॅम्बुर्गच्या टोबियास झ्विक यांनी स्ट्रीटकम्प्लीट आणलं आणि नकाशाच्या तांत्रिक भाषेचा गंध नसलेल्या माणसालाही हे काम करता येऊ लागलं. मला यातलं सगळ्यात मोठं पाऊल हेच वाटतं. टॅग म्हणजे काय, नोड म्हणजे काय, हे ठाऊक नसलेल्या माझ्या मावशीने तिच्या सोसायटीच्या आसपासची बरीच घरं भरली. तिला समोरचं घर कुणाचं, त्याचा नंबर काय, हे ठाऊक होतं आणि अ‍ॅपला तेवढंच हवं होतं.

आता मूळ अडचण. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये पत्ता नोंदवण्याची जी पद्धत रूढ आहे, तिला कार्ल्सरूह पद्धत म्हणतात, कारण ती जर्मनीतल्या त्या शहरात जमलेल्या स्वयंसेवकांनी एकत्र बसून आखली. घर क्रमांक, रस्त्याचं नाव, पिनकोड, शहर असे तिचे मुख्य रकाने. जर्मनीत हे चपखल बसतं. तिथे साधारणपणे नंबर रस्त्याला लागून चालतात, एका बाजूला विषम, समोर सम. रस्ता सापडला की घर सापडलं. अ‍ॅपमध्ये नंबराच्या रकान्याशेजारी अधिक आणि उणे अशी दोन बटणं आहेत, ती या सवयीतूनच आली. मागच्या घराचा नंबर १४ असेल तर पुढचा तिथूनच वाढवत न्यायचा.

सदाशिव पेठेत नंबर रस्त्याचा नसतो, पेठेचा असतो. समजा पत्ता ‘१२३४ सदाशिव पेठ, पुणे ३०’ असा आहे. यात रस्त्याचं नाव कुठेही नाही आणि ते विसरलेलंही नाही. पेठेतल्या घरांना एक अखंड माळ धरून आकडे दिले गेले. ती माळ बोळांतून वळते, रस्ता ओलांडते, मध्येच दुसऱ्या चौकात निघते. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना शेकड्याने फरक असलेले नंबर सापडतात. लक्ष्मी रस्ता, कुमठेकर रस्ता, टिळक रस्ता ही नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत, पण त्यांच्यावरची घरं पत्त्यात त्या त्या पेठेचीच असतात. एकच रस्ता तीन-चार पेठांतून जातो आणि प्रत्येक पेठेत नंबरांचा हिशोब वेगळा.

अ‍ॅप नंबर घेतल्यावर विचारतं, हे घर कोणत्या रस्त्याचं? नकाशातल्या जवळच्या रस्त्यावर बोट टेकवलं की नाव आपोआप भरलं जातं. इतकं सोपं आहे की नवा माणूस तेच करतो. बोट टेकवतो, ‘कुमठेकर रस्ता’ येतो, आणि नकाशात ‘१२३४ कुमठेकर रस्ता’ असा पत्ता जन्माला येतो. असा पत्ता पोस्टात कुणी कधी लिहिलेला नाही, बँकेच्या पासबुकात नाही, शिधापत्रिकेवर नाही. घर बरोबर, नंबर बरोबर, आणि पत्ता मात्र खोटा. पुढे कुणी ‘१२३४ सदाशिव पेठ’ शोधलं तर हे घर मिळणार नाही.

याला इलाज आहे आणि तो त्याच अ‍ॅपमध्ये आहे. ‘रस्त्याचं नाव’ असं जिथे लिहिलेलं असतं, तिथे दाबलं की दुसरा पर्याय उघडतो: रस्ता नव्हे, ठिकाण. तो निवडून ‘सदाशिव पेठ’ लिहायचं. संपलं. पण हा पर्याय तिथे मुळात आला कसा, ही गोष्ट मला फार आवडते, कारण तो पुण्यासाठी आलेला नाही.

१७७० साली ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीने आपल्या राज्यात घरांना नंबर द्यायला सुरुवात केली. हेतू सैन्यभरतीचा. कोणत्या गावात कोणत्या घरी किती पुरुष आहेत, हे सरकारला हवं होतं. नंबर रस्त्याप्रमाणे न देता गावाप्रमाणे दिले. गावातलं पहिलं घर १, दुसरं २. नंतर कुणी नवं घर बांधलं की त्याला पुढचा रिकामा आकडा, मग ते घर गावाच्या कुठल्या का टोकाला असेना. आजच्या चेक प्रजासत्ताकात ते नंबर अजून चालतात. प्रागमध्ये घरांवर दोन पाट्या असतात. लाल पाटीवर तो जुना, वस्तीप्रमाणे दिलेला नंबर आणि निळ्या पाटीवर रस्त्याप्रमाणे दिलेला. खेड्यात रस्त्यांना नावं नसतात, तिथे गावाचं नाव आणि नंबर एवढाच पत्ता. या लोकांना कार्ल्सरूह पद्धत अपुरी पडली, म्हणून ‘ठिकाण’ हा रकाना आला. जपानी लोकांचं त्याहून वेगळं. त्यांच्याकडे बहुतेक रस्त्यांना नावच नसतं, पत्ता वस्तीचा, मग गटाचा, मग घराचा. तिथे हे अ‍ॅप उघडलं की ते गटाचा क्रमांक विचारतं.

म्हणजे जर्मनीत बनलेलं अ‍ॅप जपानशी जपानसारखं बोलतं, चेक माणसाशी चेक माणसासारखं. त्या त्या देशातल्या लोकांनी पुढे होऊन सांगितलं, की आमचे पत्ते असे नसतात. आपल्या पत्त्यांविषयी हे आपणच सांगायला हवं, आणि ते नंबर भरत भरतच सांगता येतं. पेठेतला नंबर रस्त्याच्या गळ्यात बांधू नये, एवढं एक पथ्य प्रत्येकाने पाळलं तरी पुष्कळ काम होईल. नकाशासाठी आपला पत्ता बदलायचा नाही. पत्ता आहे तसा मांडता येईल, अशी जागा नकाशात करून घ्यायची.

एक तांत्रिक बाब इथेच सांगून टाकते. ‘ठिकाण’ म्हणून पेठेचं नाव लिहिलं तरी ती पेठ नकाशात त्याच नावाने अस्तित्वात असावी लागते. नाहीतर नंबर अधांतरी राहतो. पेठेच्या नोंदीत नावाचं स्पेलिंग एक, घरावरच्या नोंदीत दुसरं, असं झालं की शोधयंत्राला दोन्हींचा मेळ घालता येत नाही. म्हणून कुठल्याही गावात पत्ते भरायला निघण्याआधी पेठांची, वॉर्डांची, वाड्यांची नावं नकाशात आहेत का आणि मराठीतही लिहिलेली आहेत का, हे पाहून घ्यावं. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मराठी नावासाठी स्वतंत्र रकाना आहे आणि तो पुष्कळ ठिकाणी रिकामा आहे.

प्रत्यक्ष फिरताना काय होतं? उपग्रहाचा संदेश अरुंद बोळात भिंतींवर आपटून येतो. मग पडद्यावरचा आपला ठिपका समोरच्या वाड्यात शिरतो, क्षणात मागच्या बोळात जातो. नागनाथ पाराच्या आसपास हा अनुभव हमखास येतो. अशा वेळी ठिपक्यावर भिस्त ठेवायची नाही. नकाशात छपरांच्या आकृत्या काढलेल्या असतात, त्या मोजत जायचं. कोपऱ्यापासून तिसरं छप्पर म्हणजे समोरचा वाडा. आकृतीच काढलेली नसेल तर अ‍ॅप त्या घराविषयी विचारतच नाही, कारण त्याच्या लेखी ते घर नाही. तिथे स्ट्रीटकम्प्लीटमधला पत्त्यांचा वेगळा थर उघडून नुसता ठिपका टाकता येतो, किंवा ‘एव्हरी डोअर’ वापरता येतं. ते इल्या झ्वेरेव्ह यांनी २०२२ मध्ये आणलं आणि ते आयफोनवरही चालतं. त्यात दारांची नोंद करता येते. कोणत्या दारातून कोणत्या खोल्यांकडे जाता येतं, हेसुद्धा. वाड्यांना आणि चाळींना ही सोय फार मोलाची आहे, कारण तिथे इमारत सापडणं ही अर्धीच गोष्ट असते. उजवा जिना की डावा, यावर तिसऱ्या मजल्यावरच्या आजारी माणसाकडे पोचायला लागणारा वेळ ठरतो.

आणि माणसं विचारतात. विचारायलाच हवं. दारासमोर उभं राहून कुणी मोबाइलमध्ये काही टिपत असेल तर आपणही विचारू.

“कोण पाहिजे?” ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या एका काकांनी विचारलं.

“कुणी नाही काका, घरांचे नंबर लिहून घेतेय.”

“महापालिकेकडून?”

“नाही.”

“मग बिल्डरकडून.”

हा प्रश्न नव्हता. पेठांमध्ये वाडा मोजायला येणारा माणूस बहुधा त्याच कामासाठी आलेला असतो. भाडेकरू आणि मालक यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या खटले चाललेले असतात, तिथे भिंतीवरच्या आकड्याकडे नुसतं निरखून पाहणंही संशयाचं ठरतं. मी त्यांना पडदा दाखवला. नकाशात त्यांचा वाडा होता, शेजारचं देऊळ होतं, नंबर कुठेच नव्हता. १०८चं सांगितलं. ते उठले, दाराशी आले आणि पाट्यांकडे बोट दाखवून म्हणाले, “हा वरचा घेऊ नका, तो जुना. खालचा कोर्टकज्ज्यातला. पोस्टमन ज्या नंबरवर पत्र टाकतो, तो लिहा.”

एका वाक्यात त्यांनी प्रश्न सोडवला. लोक आपला पत्ता म्हणून जो नंबर सांगतात, ज्यावर टपाल येतं, तो पत्त्याचा नंबर. सिटी सर्व्हेचा आकडा जमिनीचा, मीटरचा आकडा विजेचा, फळीवरचा आकडा जनगणनेचा. पुष्कळ वाड्यांत पत्त्याचा आणि सिटी सर्व्हेचा नंबर एकच असतो, पुष्कळ ठिकाणी नसतो. पाटीवरून हे कळत नाही. कुणाला तरी विचारावं लागतं. त्यामुळे हे काम मुकाट्याने, कानात हेडफोन घालून करण्याचं नाही. पेठेत घराला नंबर विचारायचा म्हणजे माणसाशी बोलायचं.

त्याच दारावर नावाची पाटी असते. ती नकाशात जात नाही. इमारतीचं नाव जातं: ‘श्रमसाफल्य’, ‘मातृछाया’, ‘पितृस्मृती’. राहणाऱ्या माणसाचं नाव, त्याचा व्यवसाय, त्याचा फोन नंबर हे समोर दिसत असलं तरी लिहायचं नाही. घर सार्वजनिक नकाशात असायला हरकत नाही, घरातला माणूस नको. हा संकेत ओपनस्ट्रीटमॅपमध्ये पक्का आहे, आणि एकट्या राहणाऱ्या बायकांच्या घरांचा विचार केला तर तो किती महत्त्वाचा आहे हे कुणालाही सांगावं लागू नये.

पत्त्यातला ‘पुणे ३०’ हा शेवटचा भाग आपल्याला इतका अंगवळणी पडला आहे की त्यामागे कुणी डोकं चालवलं असेल, हे लक्षातच येत नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची रचना केली ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतातले कवी-नाटककार. सारख्या नावाची गावं, वेगवेगळ्या लिपींत लिहिलेले पत्ते आणि वाचता न येणारी अक्षरं यांतून टपाल बाहेर काढायचं होतं. त्यांनी सहा आकड्यांत देश बसवला. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र आणि गोव्याचा ४. पहिल्या तीन आकड्यांत टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा येतो, शेवटच्या तीनांत ते वाटणारं टपाल कार्यालय. ४११०३० म्हटलं की पत्र सदाशिव पेठेच्या पोस्टात पोचतं. तिथून पुढे पोस्टमन काकांची स्मरणशक्ती. एका पिनकोडात हजारो घरं असतात आणि वेलणकरांच्या रचनेने ती माणसावर सोपवली होती. तेव्हा माणूस होता. आज वस्तू घेऊन येणारा मुलगा रोज नव्या भागात असतो, त्याला कुणाची ओळख नसते, आणि खालून त्याचा फोन येतो: “मॅडम, लोकेशन पाठवा.”

टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन आणलं, आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साथीने. सगळा देश साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत विभागला आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांची खूण दिली. शेतातल्या घराला, वाडी-तांड्यावरच्या झोपडीला, जिथे नंबरच नाही अशा ठिकाणी हे उपयोगी आहे आणि ते व्हायलाच हवं होतं. पण तो जागेचा आकडा आहे. गिरगावातल्या चार मजली चाळीत एकावर एक असलेल्या चार खोल्यांचा डिजिपिन एकच. आणि पेठेतली आजी आपला पत्ता दहा अक्षरांत कधी सांगणार नाही. ती ‘खुन्या मुरलीधरामागे’ असंच सांगेल. डिजिपिन आणि दारावरचा नंबर यांना एकमेकांची गरज आहे. खुल्या नकाशात घराचा नंबर जागेसह नोंदवलेला असेल तर त्या जागेवरून डिजिपिन केव्हाही काढता येतो. उलट मात्र होत नाही.

पेठांमधलं हे काम आत्ताच व्हावं, असं मला वाटण्याला आणखी एक कारण आहे. वाडे पाडले जात आहेत. तीन वाडे जाऊन एक सहा मजली इमारत उभी राहते. मालमत्तापत्रकांचं एकत्रीकरण होतं, गेटवर सोसायटीचं नवं नाव झळकतं, आणि तीन नंबरांपैकी कोणता पुढे चालू राहिला हे दोन वर्षांनी शेजाऱ्यालाही सांगता येत नाही. जुन्या नंबरावर आलेलं टपाल परत जातं. पेन्शनचं पत्र, कोर्टाचं समन्स, विम्याची नोटीस. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो. आज वाड्यावर नोंदवलेला नंबर उद्या वाडा पाडल्यावर नकाशावरून गेला तरी तो कधी, कुठे होता हे शोधून काढता येतं. पेठेचा असा कुणालाही उघडून पाहता येणारा हिशोब दुसरीकडे माझ्या पाहण्यात नाही.

पुण्याबाहेर गेलं की प्रश्न तोच, रूप वेगळं. कोल्हापुरात पत्ता वॉर्डाचा: ए, बी, सी, डी, ई. ‘ई वॉर्ड, शाहूपुरी’ म्हटल्याशिवाय नुसत्या नंबराला अर्थ नाही. तिथे ठिकाणाच्या रकान्यात काय लिहायचं, ई वॉर्ड की शाहूपुरी, हे कोल्हापूरकरांनी बसून ठरवायला हवं आणि मग सगळ्यांनी तेच पाळायला हवं. सातारा, सोलापूर इथे पेठा आहेत. गोव्यात घराचा नंबर पंचायतीचा आणि पत्ता वाड्याचा; तिथला वाडा म्हणजे वस्ती. मुंबईत गिरगावात वाडी, चाळ, मजला, खोली. नागपूरच्या नव्या वस्त्यांत प्लॉट नंबर आणि लेआउटचं नाव. प्रत्येक ठिकाणी नंबर कशाला बांधलेला आहे, हे आधी समजून घ्यावं लागतं, आणि ते तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक असतं. बंगळुरात बसून कुणी कोल्हापूरचे पत्ते नीट भरेल, हे होणे नाही.

झोपडवस्त्यांविषयी लिहिताना हात थोडा आखडतो. ज्याच्या घराला नंबर नाही त्याला बँकेत खातं उघडताना, पोराच्या शाळेत दाखला देताना, कुठलाही अर्ज भरताना पत्त्याच्या रकान्यापाशी थांबावं लागतं. ‘अमुकच्या कारखान्यामागे, झोपडपट्टी’ हा पत्ता लिहिताना माणसाला काय वाटत असेल? पुण्यातल्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने वस्त्यांचे घरनिहाय नकाशे करण्याचं काम वर्षानुवर्षं केलं आहे आणि वस्तीतल्या घरांना प्लस कोडचे, म्हणजे जागेवरून ठरणाऱ्या सांकेतिक खुणेचे, पत्ते देण्याचे प्रयत्नही केले आहेत. त्यांची पद्धत वस्तीतल्या लोकांना, मुख्यतः बायकांना, बरोबर घेऊन जायची. ती सोडून कुणी बाहेरच्याने मोबाइल घेऊन वस्तीत टाचण्या भरत सुटू नये, असं माझं ठाम मत आहे. जिथे पाडापाडीची टांगती तलवार आहे, तिथे आपलं घर नकाशात दिसावं की नाही, हे त्या घरातल्या माणसांनी ठरवायचं. त्यांना हवं असेल तर मात्र अ‍ॅप त्यांच्याच हातात द्यावं. वस्तीतल्या पोरापोरींकडे आज मोबाइल आहे, आणि बोळ त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नाहीत.

हे करणं कायद्यात बसतं का, असं मला अनेकांनी विचारलं. २०१६ मध्ये भूस्थानिक माहितीविषयी एका विधेयकाचा मसुदा आला होता. त्यात परवान्याविना नकाशाची माहिती गोळा करणाऱ्याला १०० कोटी रुपयांपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद अशा तरतुदी होत्या. स्वयंसेवक धास्तावले. त्याचा कायदा झाला नाही. पुढे १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि भारतीय व्यक्ती व संस्थांना नकाशाची माहिती गोळा करायला पूर्वपरवानगीची गरज राहिली नाही. संरक्षणाची आणि संवेदनशील ठिकाणं अर्थातच टाळायची. घराचा नंबर हा कुणीही रस्त्यावरून वाचू शकतो असा आकडा आहे.

खरी अडचण कायद्याची नाही. हे सगळे नंबर आधीच कुठेतरी लिहिलेले आहेत. मिळकतकराच्या यादीत आहेत, सिटी सर्व्हेच्या कार्यालयात आहेत, पोस्टाच्या बीटमध्ये आहेत. डेन्मार्कने २००२ साली आपल्या सगळ्या पत्त्यांची सरकारी यादी खुली केली. नेदरलँड्समध्येही ती खुली आहे. त्या देशांत स्ट्रीटकम्प्लीट उघडलं तर घर क्रमांकाच्या टाचण्या दिसतच नाहीत. अ‍ॅपला तो प्रश्न विचारायची गरजच उरलेली नाही. तिथले स्वयंसेवक दुसरी कामं करतात, पदपथाला उतार आहे का, व्हीलचेअर आत जाते का, हे बघत फिरतात.

आपल्याकडच्या महापालिकांनी मिळकतकराची अख्खी यादी उघडी करावी, असं कुणी म्हणत नाही. तिच्यात मालकाचं नाव असतं, कराची रक्कम असते, थकबाकी असते. त्यातलं काहीही नको. घर क्रमांक, पेठ किंवा वॉर्ड, आणि इमारत नकाशावर कुठे आहे, एवढे तीन रकाने खुल्या परवान्याखाली दिले तर काही दिवसांत ते नकाशात बसवता येतील. ज्या घरांचे नंबर आम्ही दाराशी जाऊन, विचारून भरले आहेत, त्यांच्याशी ती यादी ताडून पाहता येईल. जिथे यादी आणि पोस्टमन यांचं जुळत नाही, अशा घरांपाशी पुन्हा जावं लागेल. पुण्याच्या पेठांत अशी घरं थोडीथोडकी नसतील.